भंडाऱ्याची निवडणूक आणि दुसरे मत



गेल्या जयंतीला आमच्या विहारात शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. नववीतली एक मुलगी अब्राहम लिंकनवर बोलली. छान बोलली. लाकडाच्या ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला मुलगा, १८३२ साली निवडणूक हरला, दुकान बुडाले, पुन्हा हरला, पुन्हा हरला, आणि १८६० साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, असे तिने सांगितले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतला अकरावीचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘लिंकन हरला हे आपण टाळ्या वाजवून ऐकतो. मग बाबासाहेब आपल्याच भंडारा जिल्ह्यात निवडणूक हरले, ते आपल्याला कोणी का सांगत नाही?’’

मंडप चिडीचूप झाला. एका बुजुर्गाने त्याला हाताने खाली बसायची खूण केली. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातले महाडचे पान आपल्या घराघरांत पाठ आहे, काळाराम मंदिराचे आहे, दीक्षाभूमीचे तर आहेच. भंडाऱ्याचे पान मात्र आपण हळूच उलटून टाकतो. जणू त्यात काही लाजेची गोष्ट लिहिली आहे! म्हणून हे सदर यावेळी त्या पानासाठी.

आधी लिंकनचे थोडे. शाळेच्या भिंतीवर त्याच्या अपयशांची जी यादी टांगलेली असते ती अर्धवट असते. लिंकनचा जन्म १८०९ सालचा, केंटकीचा. तिथून इंडियाना, मग इलिनॉय, असे त्याचे कुटुंब सरहद्दीकडे सरकत गेले. त्या काळी अमेरिकेची सरहद्द म्हणजे देशाची वेस नव्हे. जिथे जंगल तोडून नवी वस्ती बसते आहे, जिथे शाळा नाही, रस्ता नाही, कायदा नुकताच पोचतो आहे, असा मुलूख. (तिथल्या मूळ आदिवासींना हुसकावूनच ती वस्ती बसत होती, हेही मुलांना सांगितले पाहिजे.) अशा मुलखातून १८३२ साली तो प्रांताच्या विधिमंडळासाठी उभा राहिला. तेरा उमेदवारांत आठवा आला. पण ज्या न्यू सेलम गावात लोक त्याला ओळखत होते, तिथे ३०० पैकी २७७ मते त्याला पडली. पुढे १८३४ पासून लागोपाठ चार वेळा तो त्याच विधिमंडळावर निवडून आला. हे त्या यादीत नसते.

त्याच्या हरण्यात खरी सांगण्यासारखी हार १८५८ ची. तेव्हा तो सिनेटच्या जागेसाठी डग्लस या बड्या पुढाऱ्याविरुद्ध लढत होता. अर्धा देश गुलाम आणि अर्धा स्वतंत्र अशा स्थितीत हे राष्ट्र कायमचे टिकणार नाही, असे वाक्य त्याने भाषणात घातले. मित्रांना भाषण वाचून दाखवले, तेव्हा बहुतेकांनी सांगितले की हे वाक्य काढ, याने तू हरशील. त्याने काढले नाही. आणि तो हरला.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. त्याच १८५८ च्या सप्टेंबरात चार्ल्सटन येथील सभेत याच लिंकनने जाहीरपणे सांगितले, की गोऱ्या आणि काळ्यांची सामाजिक व राजकीय समता आणावी अशा मताचा मी नाही. बाबासाहेब तीन वर्षे कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, त्यांना हा इतिहास पुरता ठाऊक होता. १९४५ सालच्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी लिंकनच्या १८६२ च्या एका पत्राकडे बोट दाखवले आहे. त्या पत्रात लिंकनने लिहिले होते की माझा पहिला हेतू देशाचे ऐक्य वाचवण्याचा आहे, गुलामांना मुक्त करण्याचा नाही. तेव्हा लिंकनचा फोटो लावायचा तर जरूर लावा, पण बाबासाहेबांना त्याच्या मापाने मोजू नका. लिंकन दुसऱ्यांच्या मुक्तीविषयी बोलत होता. बाबासाहेब ज्या दुःखाविषयी बोलत होते ते त्यांनी स्वतः सोसले होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चिचगड हेही सरहद्दीवरचेच गाव. देवरीहून जंगलातून दक्षिणेकडे यायचे, पूर्वेला छत्तीसगड, खाली गडचिरोलीची कोरची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात, आणि १९५४ साली तर भंडारा जिल्हाच मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. चिचगडची जमीनदारी, पालांदूरची जमीनदारी ही नावे अजून लोकांच्या तोंडात आहेत. त्या जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या त्या १९५१ साली. म्हणजे १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा इथल्या माणसाच्या डोक्यावरचा जमीनदार उठून वर्षही झाले नव्हते. ज्याच्या पुढ्यात खाली मान घालून उभे राहायचे, त्याच्या मताइतकीच आपल्या मताची किंमत! हा चमत्कार ज्या घटनेने घडवला, ती ज्यांनी लिहिली, ते गृहस्थ दोनच वर्षांनी मते मागायला याच जिल्ह्यात आले.

ते आले कसे, याची हकीकत न्यायालयाच्या दप्तरात आहे आणि मोठी विलक्षण आहे. पहिल्या निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून दोन खासदार निवडून आले होते. सर्वसाधारण जागेवर गोंदियाचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे. काही मतदारांनी या निवडणुकीला आव्हान दिले. त्यांचे मुद्दे दोन. पहिला मुद्दा बिडीचा. जसानी ज्या मुलजी सिक्का आणि कंपनी या पेढीत भागीदार होते, तिचा लष्कराच्या कँटीन विभागाला बिड्या पुरवण्याचा करार होता, आणि सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हिस्सा आहे तो उमेदवार होऊ शकत नाही. आमच्या जंगलातला तेंदूपत्ता थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला म्हणा ना!

दुसरा मुद्दा आपल्या काळजाशी भिडणारा. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. पंथात गेल्यामुळे ते आता महार राहिले नाहीत, असे म्हणून त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल दिला. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पंथ बदलल्याने जात जाते की राहते, हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात असे त्यांनी सांगितले. जुना समाज त्या माणसाला कसे वागवतो, त्या माणसाचा स्वतःचा मनोदय काय, आणि ज्या पंथात तो गेला त्याचे नियम काय. या कसोटीवर ठवरे महारच राहिले होते असे ठरले, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला असे ठरले, जसानीही अपात्र ठरले, आणि सगळी निवडणूक रद्द झाली. दोन्ही जागा मोकळ्या.

ठवरे हे बाबासाहेबांच्या गोटातले नव्हते, विरोधी गोटातले होते. पण त्यांच्या अर्जावरून उठलेल्या वादाने बाबासाहेबांसाठी भंडाऱ्याचे दार उघडले. इतिहास असाच चालतो, आडवाटेने.

बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. मुंबई राज्यातून १९५२ सालीच ते तिथे निवडून गेले होते. मग ही दगदग कशासाठी? प्रकृती ढासळलेली, मधुमेह, पायांचे दुखणे, आणि विदर्भातला एप्रिल-मेचा उन्हाळा. त्याचे उत्तर १९५२ च्या जखमेत आहे. उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१. ज्याने देशाला मताचा हक्क लिहून दिला त्याला लोकसभेत लोकांनी पाठवले नाही, ही गोष्ट त्यांना लागली होती. राज्यसभेत आमदारांच्या मतांनी जाता येते. लोकसभेत मात्र शेतमजुराच्या आणि गिरणी कामगाराच्या मताने जावे लागते.

या मुंबईच्या पराभवातली एक गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय भंडारा समजत नाही. ती म्हणजे मते कुजवण्याची गोष्ट. नव्या पिढीला हा शब्दच ठाऊक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत. एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. शिक्का मारायची पद्धत अजून आलेली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेले. फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, पुढे प्रजा समाजवाद्यांची झोपडी. मतदाराने आत जाऊन आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. ज्याला एकाच उमेदवाराला मत द्यायचे आहे आणि दुसऱ्या कोणाचाही फायदा होऊ द्यायचा नाही, तो दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकी. मोजताना त्यातली एक बाद होई. यालाच म्हणायचे मत कुजवणे.

मुंबईत १९५२ साली अशा ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या. बाबासाहेबांची तक्रार होती की कम्युनिस्टांनी दुसरे मत कुजवा असा पद्धतशीर प्रचार केला आणि लोकांना आपला हक्क वापरू दिला नाही. त्यांनी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तोही फेटाळला गेला. पण बाबासाहेबांची भूमिका कागदावर आली. मतदाराला दोन मते कायद्याने दिली आहेत, त्यातले एक नासवायला शिकवणे म्हणजे लोकशाहीशी दगा आहे.

आता १९५४ चा भंडारा. इथेही दोन जागा. राखीव जागेसाठी बाबासाहेबांसमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाकडून कोण? तेच अशोक मेहता! हत्तीवाल्याने दुसरे मत झोपडीला द्यायचे आणि झोपडीवाल्याने दुसरे मत हत्तीला, अशी अपेक्षा होती.

इथे कायद्यातली एक खोच सांगतो. ती आपल्या कित्येक जाणत्या मंडळींनाही माहीत नाही. मोजणी झाल्यावर आधी राखीव जागा भरायची. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते त्याला ती द्यायची. त्यानंतर दुसरी जागा उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त मते त्याला. या ‘उरलेल्या सगळ्यांत’ अनुसूचित जातीचा हरलेला उमेदवारही धरला जाई. म्हणजे राखीव जागेवर बोरकर पुढे गेले तरी बाबासाहेब सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत होते. अट एकच, अशोक मेहतांपेक्षा त्यांना जास्त मते हवीत.

समजा एखाद्या गावात फेडरेशनचे शंभर मतदार आहेत. त्यांनी शंभर मते हत्तीच्या पेटीत टाकली आणि दुसरी शंभर झोपडीच्या पेटीत. मेहतांची रास शंभराने वाढली. तीच दुसरी शंभर मते कुजवली असती तर हत्तीची रास तेवढीच राहिली असती, पण झोपडीची शंभराने खाली आली असती. गावोगावी हे झाले असते तर? हिशेब कोणालाही करता येतो, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो केला होता. कशाच्या बळावर तो निवडणूक लढत होता आपला कार्यकर्ता? पैसा नाही, मोटारी नाहीत. सायकलवर आणि पायी भाकरी बांधून गाव पिंजून काढणारी ही पोरे. त्यांना समोर दिसत होते की सवर्ण मतदार झोपडीला मत देईल, पण त्याचे दुसरे मत हत्तीच्या पेटीत पडेलच याचा भरवसा नाही. त्यांनी बाबासाहेबांसमोर विषय काढला. दुसरे मत कुजवायचा आदेश द्या, समाज तुमचा शब्द झेलायला तयार आहे.

बाबासाहेबांनी नकार दिला. ही हकीकत त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. प्रत्येकाने त्यांचे शब्द थोडे वेगवेगळे सांगितले आहेत, म्हणून मी अवतरण देत नाही. आशय मात्र सर्वांचा एकच आहे. घटना मी लिहिली, दोन मतांचा हक्क लोकांना मिळाला, तो वापरू नका असे मी सांगणार नाही, त्यापायी मी हरलो तरी चालेल.

यात मला केवळ तत्त्वाचा मोठेपणा दिसत नाही, साधा प्रामाणिकपणाही दिसतो. दोनच वर्षांपूर्वी ज्या गोष्टीविरुद्ध त्यांनी अर्ज केला, तीच गोष्ट आपल्या फायद्याची ठरताच करायची? आणि ती कोणाविरुद्ध? त्या अर्जावर ज्यांची सही आपल्या सहीशेजारी होती त्या अशोक मेहतांविरुद्ध? राजकारणात असे रोज होते, त्याला चातुर्य म्हणतात. बाबासाहेबांना ते चातुर्य जमले नाही असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणो.

निकाल लागला. राखीव जागेवर बोरकर, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. बाबासाहेब बोरकरांपेक्षा आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी मागे पडले. मेहता निवडून आले याचाच अर्थ त्यांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मते पडली. ही जास्तीची मते आली कुठून? माझे अनुमान असे की आपल्या माणसाने शब्द पाळला. मजुरी बुडवून, उन्हातान्हात चालत जाऊन त्याने एक मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकली आणि दुसरी झोपडीच्या पेटीत. झोपडीवाल्यांतल्या पुष्कळांचा हात मात्र दुसरी मतपत्रिका घेऊन हत्तीच्या पेटीपाशी आला आणि अडखळला. विद्वत्ता मान्य, घटना मान्य, पण मत नाही! हीच अस्पृश्यता, फक्त ती पाणवठ्यावरून मतपेटीवर आली होती.

काही मंडळी म्हणतात, बोरकर तरी कोण होते, आपल्यातलेच ना? होते. त्या माणसाविषयी वाईट बोलण्याचे मला कारण नाही. प्रश्न माणसाचा नाही, त्याला कोणी निवडले याचा आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार सर्व मतदारांच्या हाती गेला. म्हणजे ज्यांची संख्या मोठी त्यांच्या हाती. अस्पृश्य समाजाने एकमुखाने एकाला निवडावे आणि बाकीच्यांनी आपल्या मतांनी दुसराच बसवावा, हे शक्य झाले. स्वतंत्र मतदारसंघ का हवे हे बाबासाहेब १९३१ साली गोलमेज परिषदेत सांगत होते तेव्हा त्यांना देशद्रोही म्हटले गेले. १९५२ ची मुंबई आणि १९५४ चा भंडारा ही त्या युक्तिवादाची दोन प्रात्यक्षिके होत, आणि ती खुद्द युक्तिवाद करणाऱ्यावरच झाली. पुढे १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळातल्या राखीव जागा आता नकोतच असा ठराव केला, त्यामागे भंडाऱ्याचा अनुभव होता असे मी मानतो. त्या ठरावाची आठवण आज आपल्यातल्या किती पुढाऱ्यांना सोयीची वाटेल, हा निराळा विषय आहे.

घराघरांतल्या आई-वडिलांना एक सांगायचे आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना बोरकरांना खलनायक करू नका, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना बिचारेही करू नका. त्या पिढीने आपल्या नेत्याचा शब्द असा पाळला की नेता पडला तरी शब्द पडला नाही. घरात त्या काळचे कोणी म्हातारे हयात असतील तर त्यांना विचारा. हत्तीची पेटी कुठे ठेवली होती, केंद्रावर कसे गेलात, सोबत कोण होते, बाई माणसांनी मत दिले का. उत्तर एका वहीत लिहून ठेवा. तेव्हा एकवीस वर्षांना मताचा हक्क मिळे, त्यामुळे त्या दिवशी मत दिलेला माणूस आता नव्वदीच्या पुढचा असणार. ही वही लिहायला फार दिवस उरलेले नाहीत. आपली माणसे सन-तारीख सांगत नाहीत, ‘तेंदूपत्त्याच्या हंगामात’, ‘मोह सरल्यावर’ असे सांगतात. तेही तसेच लिहा, सुधारू नका.

ठवरे खटल्याच्या त्या तीन कसोट्यांचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. मग प्रश्न आला, महानुभाव पंथात गेलेला महार जर महार राहतो, तर बौद्ध झालेल्याचे काय? १९६४ साली पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बौद्ध धम्म स्वीकारलेला माणूस हिंदू राहत नाही, म्हणून राखीव जागेवरची मेश्रामांची निवड रद्द. एका पंथात गेले तर सवलत राहते, बुद्धाकडे गेले तर जाते! केंद्राच्या यादीत बौद्धांना ती परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. आज जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना या रांगेची लांबी माहीत असावी.

दोन मतांची पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. मते कुजवण्याचा प्रश्नच मिटला. मतदारसंघांच्या सीमा तर इतक्या बदलल्या की देवरी तालुक्यातला आमचा भाग आज लोकसभेला भंडाऱ्याबरोबर नाही, गडचिरोली-चिमूरबरोबर मत देतो.

आणि बाबासाहेब? पडलेल्या माणसाने वर्षभर घरात बसावे असे ते वर्ष त्यांनी घालवले नाही. १९५४ च्या डिसेंबरात ते ब्रह्मदेशात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेत होते. तिथून परत आल्यावर २५ डिसेंबरला पुण्याजवळ देहूरोडच्या विहारात त्यांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. भंडाऱ्याचा निकाल लागून तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते.